बिघडलेला कपडा गठ्ठ्याच्या वर

संपादकबाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्हाला कधी शाप लागला का हो?”

मी म्हटलं, लागला ना. मँचेस्टरच्या एका म्युझियमच्या तळघरात सत्तावीस वर्षं काढली, गुडघे गेले आणि चष्म्याचा नंबर दर दोन वर्षांनी वाढला. बाई जरा हिरमुसल्या. दिवाळी अंकात ममीवर लेख म्हटल्यावर थोडा शाप, थोडं सोनं आणि शवपेटीतून बाहेर येणारा एक हात, एवढं तरी हवंच. यातलं माझ्याकडे काहीच नाही. सोन्याला हात लावणारे लोक वरच्या मजल्यावर बसायचे. माझ्याकडे कापड होतं, तेव्हा कापडाबद्दलच लिहिते.

मी म्युझियममधलं जुनं कापड सांभाळायचे. इंग्रजीत याला टेक्स्टाइल कॉन्झर्व्हेटर असं भारदस्त नाव आहे. मराठीत सांगायला गेलं की दोन मिनिटं लागतात, म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं तर मी “म्युझियममध्ये असते” एवढंच म्हणायचे. समोरचा माणूस मी दारावर तिकिटं फाडते असं समजून बटाटेवड्यांकडे सरकायचा. मीही त्याला अडवायचे नाही. का अडवायचे नाही, ते पुढे येईलच.

ममी म्हटलं की सगळ्यांना पट्ट्या दिसतात. त्या आल्या कुठून हे कोणी विचारत नाही. त्या बहुतेक वेळा घरातूनच आलेल्या असतात. माणूस गेला की जुन्या चादरी, विटलेले अंगरखे, कोणाची तरी ओढणी असं सगळं बाहेर काढायचं आणि टरकावून त्याच्या पट्ट्या करायच्या. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची, तसंच. राजांसाठी नवं कापड विणत असतील. साधा माणूस मात्र आयुष्यभर वापरलेल्या कपड्यांतच गुंडाळला जायचा. कापड जवसाच्या धाग्याचं. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच झाडाच्या दांड्यातून हा धागा निघतो. तीन हजार वर्षांनंतरही यातलं काही कापड इतकं मऊ राहिलेलं असतं की अंगावर घ्यावंसं वाटतं, आणि काही असं की नुसतं शिंकलं तरी भुगा व्हावा.

अशा कापडावर जाळी टाकून तिच्यावरून धूळ ओढून घ्यायची, ओलसर हवेत ठेवून त्याच्या घड्या उलगडायच्या, काचेची छोटी वजनं ठेवून ते सपाट करायचं, वाकड्या सुईनं त्याच्या खाली रेशमाचा आधार टाकायचा, हे माझं काम. आणि कधीकधी, फार विचार करून, धुवायचं. उथळ ट्रेमध्ये शुद्ध पाणी घेऊन, कापड न हलवता, पाणीच हलवत. दिवसभरात तळहाताएवढं काम झालं तर दिवस सत्कारणी लागला. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आमच्या लाँड्रीत तुला पहिल्या दिशीच घरी धाडली असती.”

आप्पा म्हणजे माझे वडील, आणि मी त्यांची नली. सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णाकाठी आमचं गाव. आम्ही परीट. आजोबा आणि आप्पा घाटावर धुणं आपटायचे ते एक डोळा पाण्यावर ठेवून, कारण आमच्या कृष्णेत मगरी. पुढे मी इजिप्तबद्दल वाचायला लागले तेव्हा कळलं, तिथल्या परिटांचंही हेच. नाईलच्या काठावर धुणं, शेजारी मगर, आणि साबणाऐवजी वाळवंटातून आणलेला खार. हाच खार ते मेलेल्याचं शरीर सुकवायलाही वापरत. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे धुण्याचा सोडाच की! त्यात माणूस मुरवायचे? एवढ्यात किती धुणं निघालं असतं.”

साठच्या दशकाच्या शेवटाला आप्पा लंडनजवळच्या हाउन्सलोला आले आणि विमानतळाजवळच्या एका लाँड्रीत लागले. विमानातल्या सीटच्या डोक्याकडचे पांढरे रुमाल, ब्लँकेटं, नॅपकिन असा त्यांचा संसार. दोन वर्षांनी आईनं मला घेऊन विमान पकडलं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, मराठी चौथी पास. मंडळात कोणी विचारलं की आप्पा सांगायचे, “एअरलाइन्समध्ये आहे.” ते खोटं नव्हतं. पण एकदा कोणी तरी पुढे विचारलं, “म्हणजे ग्राउंड स्टाफ का?” तर आप्पा घाईघाईनं आरतीला उठले. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

तर मीही त्यांचीच मुलगी. कॉलेजात या विषयाच्या पहिल्या तासाला बाईंनी विचारलं, “इथे हातानं कपडे धुण्याची सवय कोणाला आहे?” वर्गात आम्ही आठ जणी. एकीनं लाजत हात वर केला, ती स्वेटर धुवायची. लहानपणी मी दर शनिवारी लाँड्रीत आप्पांच्या हाताखाली गठ्ठे सोडलेले होते, आणि माझा हात मांडीवर होता.

आप्पांनी मला एक गोष्ट तेव्हाच शिकवली होती. कपडा हातात आला की आधी कोपरा बघायचा. डाग नंतर, वीण नंतर, आधी कोपरा, कारण खूण कोपऱ्यात असते. गावाकडे आजोबा बिब्ब्याचा रस काडीनं लावून त्यावर चुना फिरवायचे, की ती काळी खूण कापड फाटेपर्यंत निघत नसे. कुणाचे दोन ठिपके, कुणाची फुली, कुणाची अर्धी चंद्रकोर. आजोबांना अक्षर येत नव्हतं, पण सगळ्या गावाच्या खुणा पाठ होत्या. खूण चुकली की पाटलाचं धोतर गुरवाच्या घरी.

कॉलेजात मात्र शिकवलं की तपासणी मधून सुरू करून कडेकडे जायचं. ते मला शास्त्रशुद्ध वाटलं. आप्पांचं मला, खरं सांगायचं तर, परिटाचं वाटलं.

आता ती गोष्ट. नोकरीचं तिसरं वर्ष. आमच्याकडे एका जुन्या गिरणीमालकानं दिलेल्या वस्तू होत्या. मँचेस्टरच्या गिरण्यांना इजिप्तचा कापूस यायचा, त्याबरोबर मालकांना इजिप्तचा नादही लागलेला. त्यात एकाच थडग्यातून आलेली दोन कापडं होती, एक लहान आणि एक मोठी चादर. लहान कापड माझ्याकडे धुवायला आलं. मी मधून सुरुवात केली. रंग सुटत नाही ना हे टिपकागदानं पाहिलं, जाळी घातली, सगळं नियमाप्रमाणे. एक कोपरा जरा काळपट होता. डाग समजले. पाणी सोडलं, आणि तो कोपरा भिजलेल्या बिस्किटासारखा विरघळला. मी हात घालेपर्यंत ट्रेमध्ये तपकिरी भुगा तरंगत होता. त्या काळपटपणाला आकार होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. रेघा होत्या. काय होत्या ते आज सांगता येत नाही, कारण मी कोपऱ्याचा वेगळा फोटोसुद्धा काढलेला नव्हता.

आमच्या कामात प्रत्येक वस्तूची नोंद लिहावी लागते. आधी कशी होती, काय केलं, नंतर कशी झाली. मी लिहिलं, “एक कोपरा आधीपासून नष्ट.” खाली सही केली. कोणी विचारलं नाही. नव्या मुलीचं काम छान झालं म्हणून कौतुकच झालं.

त्या दिवसापासून मी आधी कोपरा बघू लागले. याचा फायदाही झाला. एकदा एक निवृत्त बसड्रायव्हर नाताळच्या चकचकीत कागदात गुंडाळलेलं कापड घेऊन आले. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात इजिप्तला होते, आणि हे तिथल्या राजकन्येचं कफन आहे असं घरात तीन पिढ्या सांगत आले होते. कापडाला खास पेटी होती. घरात ती कोणी उघडायचं नाही. मी कापड उलगडलं, कोपरा धरला, आणि तिथे लाल दोऱ्यानं टाचलेला आकडा आणि तीन इंग्रजी अक्षरं. लष्करी इस्पितळाच्या धोब्याची खूण. ती चादर होती आणि आजोबांनी ती ढापलेली होती. मी हे शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. ड्रायव्हरसाहेबांनी चष्मा पुसून ती खूण स्वतः वाचली. मग म्हणाले, “तरीच म्हातारा सांगायचा, राजकन्या त्याच्या पलंगावर होती,” आणि इतके हसले की वरून गार्ड खाली आला. पुढे कित्येक वर्षं ते महिन्याला एकदा यायचे, येताना बिस्किटांचा डबा आणायचे, आणि काचेपलीकडच्या प्रत्येक ममीला टोपी काढून गुड मॉर्निंग करायचे.

पण माझी ती सही मात्र कुठे जात नव्हती. त्या कपाटासमोरून जाताना मी पावलं भरभर टाकायचे.

नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमचं इजिप्तचं दालन नव्यानं मांडायचं ठरलं. दालनाची प्रमुख हेलन, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, कमी बोलणारी, इजिप्तची लिपी आपण सकाळचा पेपर वाचतो तशी वाचणारी. त्या एकाच थडग्यातली मोठी चादर आता पहिल्यांदा बाहेर यायची होती. ती आठेक वर्षांच्या एका मुलीच्या ममीवर पांघरलेली होती. मुलीच्या पाटीवर लिहिलेलं, “मुलगी. नाव माहीत नाही.”

इजिप्तच्या लोकांना यापेक्षा वाईट काही वाटलं नसतं. त्यांचा असा भाव होता की जोवर कोणी तुमचं नाव घेतंय तोवर तुम्ही आहात. थडग्यांवर ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनवायचे की बाबा रे, थांब, आमचं नाव तेवढं घे, आम्हाला अन्नपाणी मिळो असं म्हण, तुझ्या तोंडचा वाराच तर जाणार आहे. दुसऱ्याला मोडायचं असलं तर ते त्याचं नाव छिन्नीनं खोडायचे. मी पाण्यानं खोडलं होतं.

चादर मी नीट तपासली. आधी कोपरे. तीन रिकामे. चौथ्याला शंभर वर्षांपूर्वी कोणी तरी ठिगळ लावलेलं. ते मी दोन दिवस खपून काढलं, तर खाली बारीक बारीक भोकं. शाई नाही, काळेपणा नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि लिहिलं, “कसरीनं खाल्लेलं.” ही चादर धुवायची, भोकांच्या मागे त्याच रंगाचं कापड लावायचं आणि काचेत टांगायची असं ठरलं. हेलननं सही केली. सोमवारी धुवायचं.

त्या वसंतात आई गेली होती आणि आप्पा माझ्याकडे राहायला आले होते. घरात बसून टीव्हीकडे नुसते बघत राहायचे. शनिवारी मला ट्रेची तयारी करायला जायचं होतं, हेलनला विचारून त्यांना बरोबर घेतलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाच्या जागी ते पहिल्यांदाच आले. अंगात लग्नाकार्याचा ओव्हरकोट, हात पाठीमागे बांधलेले, देवळात आल्यासारखे. चादर टेबलावर पसरलेली होती.

“कोपरा बघितलास?” त्यांनी बसायच्या आधी विचारलं.

“बघितला आप्पा. कसर लागलीय.”

त्यांनी माझा भिंगाचा दिवा ओढून घेतला. हात अजून पाठीमागेच. वाकून बराच वेळ बघत राहिले.

“कसर अशी खात न्हाय नले,” ते म्हणाले. “कसर चरत जाती, इकडनं तिकडनं. ह्यो बघ उभा गेलाय. हितं वळलाय. हितं थांबून परत सुरू. कसरीला काय शाळा हाय व्हय? हे लिवलंय.”

“पण शाई कुठाय?”

“शाईनंच खाल्लंय. माझ्या आज्यानं एकदा बिब्बा लई घट लावला आन चुना इसरला. चार म्हैन्यांनी धोतराला खुणंच्या जागी तेवढंच भोक. रांगोळी काढल्यावानी. मालक वरडला, पर खूण काय हरवली न्हाई.”

मी चादरीच्या कोपऱ्याखाली उजेडाची पाटी सरकवली आणि वरचा दिवा बंद केला. भोकं उजळली. उभी रेघ, वळण, छोटे ठिपके, एक शेपटीसारखा फराटा. आणि त्याच्या खाली, जरा वेगळ्या जाडीचं, एक वर्तुळ आणि दोन आडव्या रेघा. लोखंडाचा अंश असलेली शाई धागा जाळते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. समोर आल्यावर मला कसर दिसली.

सोमवारी पाणी लागलं असतं तर या जळक्या कडा सुटल्या असत्या आणि उरलं असतं एक मोठं, बिनआकाराचं भोक. मी स्टुलावर बसले आणि आप्पांना ती पहिल्या कापडाची गोष्ट सांगितली. सहीसकट. दोन कापडं एकाच थडग्यातली, कदाचित एकाच घरातली. एकाचं नाव मी घालवलं आणि दुसऱ्याचं परवा घालवणार होते. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडले.

आप्पांनी समजूत घातली नाही. एवढंच विचारलं, “कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“गावाकडं एक रीत व्हती,” ते म्हणाले. “कपडा बिघडला, फाटला, जळला, तर धुणं परत देताना त्यो गठ्ठ्याच्या वर ठिवायचा. सगळ्यात वर. मदी खुपसायचा न्हाई. मदी खुपसला आन घरधन्याला घावला, की त्यो सगळा गठ्ठा इस्कटतो. मग तुजं चांगलं धुणं बी त्याला चांगलं दिसत न्हाई.”

“आणि वर ठेवला की?”

“की शिव्या खायच्या,” आप्पा म्हणाले. “पर फुडच्या आठवड्याला गठ्ठा येतो.”

सोमवारी सकाळी मी हेलनच्या खोलीत गेले. प्रदर्शनाची तारीख सांभाळणारा मॅनेजरही तिथे होता. मी म्हटलं, चादर धुवायची नाही. कोपऱ्यात मजकूर आहे, कडा पाण्यात सुटतील. त्यानं ओठ आवळले. त्याच्या चित्रात चादर शुभ्र होती. तो म्हणाला, “सुटतीलच कशावरून? तुम्ही जाळी लावता ना? पुरावा काय?”

प्रश्न रास्त होता. पुरावा माझ्या काखेत होता. मी त्या लहान कापडाची जुनी फाइल टेबलावरच्या सगळ्या कागदांच्या वर ठेवली.

“पुरावा हा,” मी म्हटलं. “यात मी लिहिलंय की कोपरा आधीपासून नष्ट होता. तो नव्हता. जाळी लावली होती. पाण्यात माझ्या डोळ्यांदेखत गेला. त्यावर काही तरी लिहिलेलं होतं आणि मी ते लपवलं.”

हेलननं फाइल उघडून सगळी वाचली. तिनं मॅनेजरला कॉफी आणायला पाठवलं. तो गेल्यावर विचारलं, “काय लिहिलं होतं, काहीच आठवत नाही?”

“काहीच नाही.”

तिचा चेहरा पडला तो मला अजून आठवतो. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिला त्या नावाचंच वाईट वाटत होतं. मग ती म्हणाली, “इतकी वर्षं मी तुझी प्रत्येक नोंद न तपासता खरी मानली. आता मला सगळ्या बघाव्या लागतील.”

“बघ,” मी म्हटलं. “बाकी सगळ्या खऱ्या आहेत.”

तिनं खरंच बघितल्या. तीन आठवडे लागले. माझ्या नावावर एक कडक पत्र लागलं, ते योग्यच होतं. जुन्या नोंदीवर मी माझ्या हातानं, पूर्ण नावानिशी, खरं काय घडलं ते लिहिलं. आणि तीन आठवड्यांनी हेलन तळघरात येऊन म्हणाली, “बाकी सगळ्या खऱ्या आहेत. चादर तुझ्याकडेच राहू दे. न धुता कशी टांगायची ते सांग.” मला या देशानं पुष्कळ काही दिलं, शिक्षण, घर, पेन्शन. पण कोणी विचारलं की सगळ्यात मोठं काय मिळालं, तर मी ते एक वाक्य सांगेन.

चादर न धुताच टांगली. पिवळट, सुरकुतलेली, वापरलेली. कोपऱ्यामागे मंद उजेड ठेवला. हेलननं महिनाभर त्या भोकांचे कागदावर गिरवलेले आकार जवळ बाळगले, जेवतानासुद्धा, आणि एक दिवस तिनं नाव वाचलं. तामित. शेवटचा शेपटीचा फराटा म्हणजे जनावर दाखवणारी खूण. तामित म्हणजे मांजर, लाडाचं नाव. तोवर आप्पा हाउन्सलोला परत गेले होते. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “म्हंजी मनी.” आमच्या गावात प्रत्येक आळीला एक मनी होती.

हेलन मात्र काटेकोर. “ही चादर तामितची, एवढंच आपण म्हणू शकतो. ती मुलगी स्वतः तामित असेल, किंवा तिची आई, किंवा शेजारीण.” मला ते आवडलं. थंडीच्या दिवसांत लेकराला आईचीच चादर घालतात. आणि खालचं ते वर्तुळ, दोन रेघा? हेलन म्हणाली, इजिप्तच्या कारागिरांच्या वस्तीत अशा खुणा मिळतात, धुण्याला जाणाऱ्या कपड्यांवर त्या असाव्यात असा एक अंदाज आहे. आप्पांना अंदाजाची गरज नव्हती. “वरचं नाव मालकिणीचं, खालची खूण परटाची. त्याला वाचता येत न्हवतं, बास.”

पाटीवर आप्पांचे आभार मानायचं हेलननं ठरवलं. मला म्हणाली, त्यांचं नाव आणि व्यवसाय दे. मी आप्पांना फोन केला.

“एअरलाइन्स लिही,” ते म्हणाले. “रिटायर्ड.”

त्यांच्याकडून मी आणखी काय मागणार होते? मी स्वतः वर्गात हात वर केला नव्हता. मी एअरलाइन्स लिहून दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी म्युझियमच्या स्वागतकक्षातून निरोप आला की तुमच्या वडिलांचा फोन आहे. कामाच्या ठिकाणी त्यांनी आजवर कधी फोन केला नव्हता. मी धावतच गेले.

“नले, पाटी छापली?”

“आज जाणार आहे. का हो आप्पा, बरं आहे ना?”

“बरा हाय. झोप लागंना म्हणून इचार करत व्हतो. त्यो खालचा माणूस, खुणंवाला. त्याचं नाव गेलं, धंदा तेवढा ऱ्हायला. आन माझं नाव ऱ्हाणार, धंदा जाणार. तसं नको करू. परीट लिही.”

“इंग्लिशमध्ये लाँड्रीमन लिहू?”

“ते कंसात न्हाय तर कुठं बी घाल. आधी परीट लिही.”

मी वर गेले आणि पाटी बदलून घेतली. कंस घातलाच नाही, नुसतं परीट.

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलीला दोनच गोष्टी सांगितल्या, आधी कोपरा बघ आणि बिघडलेला कपडा गठ्ठ्याच्या वर ठेव. तिनं दुसरी इंग्रजीत लिहून ट्रेच्या वर भिंतीला चिकटवली आहे. खाली तिनं “नलिनीचे वडील” असंही लिहिलंय.

दालन उघडलं त्या दिवशी मंडळातली दहा-बारा माणसं लंडनहून आली होती. आप्पांनी तोच ओव्हरकोट घातला होता. आमच्या सुमनताईंनी चष्मा लावून पाटी मोठ्यानं वाचली, आधी तामित, मग आप्पांचं नाव, आणि मग पुढचा शब्द आल्यावर थबकल्या. जवळजवळ चाळीस वर्षं त्या आप्पांना एअरलाइन्सवाले म्हणून ओळखत होत्या. “अहो भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “यू नेव्हर टोल्ड अस.”

“कोणी नीट विचारलंच न्हाई,” आप्पा म्हणाले. हे साफ खोटं होतं, पण त्या दिवशी त्यांना माफ.

गर्दी पांगली तरी ते त्या उजळलेल्या कोपऱ्याजवळून हलले नाहीत. एक अनोळखी इंग्रज आजी काठी टेकत आली. पाटी वाचता वाचता तिचे ओठ हलत होते. तिनं तामितचं नाव घेतलं, मग पुढे वाचून शेजारी उभ्या असलेल्या आप्पांकडे वळून विचारलं, “एक्स्क्यूज मी, परीट म्हणजे कोण हो?”

आप्पांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले. सोड्यानं चिरलेले, नखं झिजलेले ते दोन्ही तळवे त्यांनी तिच्यापुढे धरले आणि म्हणाले, “मी.”